दादाच्या नावाने उघडं राहिलेलं मशीन

सिरियल केबल सर्व्हर मशीनच्या पाठीतून उपटली, लॅपटॉप बॅगेत घातला आणि माणूस उठून निघून गेला, तरी मशीनला ते कळत नाही. त्याच्या लेखी तो माणूस अजून समोर बसलेलाच असतो. जाताना 'एक्झिट' टाइप करून रीतसर बाहेर पडलं नसेल, तर नंतर कुणीही येऊन तिथे केबल लावली की मशीन त्यालाच आधीचा माणूस समजतं आणि पुढचं सगळं काम आधीच्याच्या नावावर लिहीत जातं. हे मला माहीत होतं. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिला, त्यामुळे जे शिकलो ते फुकट शिकलो नाही आणि विसरतही नाही. तरी ज्या दुपारी ते उपयोगी पडायचं त्या दुपारी मी ते बाजूला सारलं, कारण पडद्यावरचं नाव दादाचं होतं.

दादा म्हणजे माझा भाऊ नव्हे. चंदीगडला लागून असलेल्या मोहालीतल्या आमच्या कंपनीत माझ्यावर असलेला इंजिनिअर. मूळचा पुण्याचा. मी नवीन असताना कँटीनमध्ये घरी फोनवर बोलत होतो. फोन ठेवला तर शेजारच्या टेबलावरून आवाज आला, "जालन्याचा का रे?"

मी दचकलोच. मोहालीत आल्यापासून कुणी मराठीत हाक मारली नव्हती. "तुम्हाला कसं कळलं?"

"तीनदा 'कामून' म्हणालास. 'का' म्हणता येत नाही का तुम्हा लोकांना?"

मला हसू आलं. आता ते वाक्य आठवलं की 'तुम्हा लोकांना' एवढंच ऐकू येतं, पण तेव्हा हसलो होतो. त्याच रविवारी तो मला झिरकपूरच्या त्याच्या फ्लॅटवर जेवायला घेऊन गेला. वहिनींनी आमटी केली होती, गोडा मसाला घातलेली. मी तीन वेळा भात घेतला. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, लाजू नका, इथे मराठी माणूस जेवायला येणं म्हणजे आमचंच नशीब." त्यांचा मुलगा सगळं मराठी समजायचा आणि हिंदीत उत्तर द्यायचा, त्यामुळे त्या माझ्याशी बोलायला आसुसलेल्या असायच्या. ऑफिसात मी त्याला 'सर' म्हणायचं, घरी 'दादा', असं ठरलं. ठरवलं त्यानेच. ऑफिसात तो माझ्याशी हिंदीत बोलायचा, कधी इंग्रजीत. मराठी फक्त पार्किंगमध्ये आणि जेवताना.

आमची कंपनी दुसऱ्यांचे कॉम्प्युटर सांभाळते. दुकानदार, दवाखाने, गोदामं. सगळे जण मोहालीत खुर्चीत बसून, नेटवर्कवरून, लांबच्या मशीनवर काम करतात. पण नेटवर्कच तुटलं तर खुर्चीतला माणूस आंधळा. मग कुणीतरी उठून त्या मशीनपाशी जायचं, त्याच्या पाठीमागच्या जुन्या पोर्टमध्ये केबल घालायची आणि लॅपटॉप थेट जोडायचा. त्याला कन्सोल म्हणतात. हल्लीच्या लॅपटॉपला तसलं पोर्ट नसतं म्हणून मध्ये एक कन्व्हर्टर लागतो. दोन्ही बाजूंचा वेग सारखा ठेवावा लागतो, नाहीतर पडद्यावर चौकोन आणि प्रश्नचिन्हं सांडतात. आणि सगळं बरोबर केलं तरी पडदा काळाच राहतो, कारण मशीनला जे म्हणायचं होतं ते तुम्ही यायच्या आधी म्हणून झालेलं असतं. एकदा एंटर दाबावं लागतं. नवीन पोरं इथेच हरतात. काळा पडदा बघून केबल खराब आहे म्हणतात आणि परत येतात.

हे काम मी करायचो, कारण बाकी कुणाला खुर्ची सोडायची नसायची. ऑफिसातल्या पंजाबी मंडळींनी माझं नाव केबलवाला ठेवलं होतं. मी बॅग उचलली की कुणीतरी म्हणायचंच, "ओए केबलवाले, आज किस के घर चैनल नहीं आ रहा?" मी म्हणायचो, "तेरे ससुराल में." त्यात विष नव्हतं. ती माणसं तोंडावर बोलायची आणि चहाही पाजायची.

मी कंत्राटावर होतो. गळ्यातल्या ओळखपत्राची फीतसुद्धा वेगळी. कायम नोकरीवाल्यांची निळी, आमची करडी. त्या वर्षी आमच्या टीममध्ये एक जागा कायम होणार होती. मॅडमनी, म्हणजे आमच्या मॅनेजरनी, मला बसवून नीट सांगितलं होतं. "काम आपका अच्छा है जी, इसमें शक नहीं. पर ऊपर वाले पूछेंगे, अकेले क्या संभाला है? एक केस दिखा दो. शुरू से आखिर तक आपका, आपके नाम पर." बाई सरळ होत्या. जे मागितलं ते चुकीचं नव्हतं.

जालन्यात ही बातमी मी लगेच सांगितली. सांगायला नको होती. माझे वडील सळईच्या कारखान्यात तापलेलं लोखंड चिमट्याने धरायचे. हातांवर भाजल्याचे डाग एवढे की आम्हाला लहानपणी वाटायचं सगळ्यांच्या वडलांचे हात तसेच असतात. त्यांनी फोनवर दोनच गोष्टी विचारल्या. "पक्की होयाली का? मंग कार्डावर तुझं नाव कसं येईल, इंग्रजीत का?" मी म्हणालो इंग्रजीत. ते म्हणाले, "बरं हाय."

एका दुपारी दादाचा फोन आला. तो माझ्यापासून चार टेबलं लांब बसलेला, तरी फोन, आणि तोही मराठीत, म्हणजे काहीतरी बिनसलं होतं.

"ऐक ना. जिन्यात ये."

जिन्यात गेलो. त्याच्या कपाळावर घाम होता. पंचकुल्यात एका औषध वितरकाचं गोदाम होतं, त्याचा सर्व्हर आम्ही सांभाळायचो. गोदामाचं वायफायही त्यातूनच चालायचं. दादाने मोहालीतून त्यावर सुरक्षेचा एक नियम टाकला होता. सगळ्यांना आत येणं बंद करणारी ओळ त्याने वर टाकली आणि काही जणांना येऊ द्या म्हणणारी ओळ खाली. मशीन वरून खाली वाचतं. पहिल्याच ओळीला सगळे बाहेर, आणि दादा स्वतःही बाहेर. घरात कुणी नसताना आतून कडी लावून खिडकीतून बाहेर पडावं, तसं झालं होतं.

"कुणाला बोलू नकोस," तो म्हणाला. "केबल घेऊन जा आणि मोकळं करून ये."

"मॅडमना कळेलच ना, दादा. गोदामवाले ओरडत असतील."

"त्यांना मी सांभाळतो. तू फक्त काम कर. आणि हे बघ, तुला केस हवी आहे ना? ही घे. तू एकट्याने निस्तरलंस असं मी स्वतः मॅडमना सांगतो. आपल्या माणसाचं काम झालं तर मला नको आहे का?"

मी गाडी काढली. झिरकपूरच्या पुलाखाली नेहमीसारखा ट्रक आडवा, पंचकुल्याच्या चौकात नेहमीसारखा पोलीस सावलीत. उन्हाने हँडल तापलेलं. पण खरं सांगतो, मी खूश होतो. माझ्या नावावर एक केस.

गोदामात बिलं निघत नव्हती. बाहेर टेम्पो भरून उभे, आत औषधांच्या खोक्यांवर माणसं बसलेली. हिशेब बघणारे एक वयस्क सरदारजी मला बघून उठले. "आ गए? मैं तो कह रहा था स्विच बंद करके चालू कर दो. हमारे टीवी का तो यही इलाज है."

"हाथ मत लगाइए बाऊजी," मी म्हणालो. "अधूरी एंट्रियां पड़ी होंगी, सब उड़ जाएगा."

मी त्यांना मशीन बंद करू दिलं नाही. बंद केलं असतं तर सकाळपासूनच्या अर्ध्या नोंदी गेल्या असत्या, हे खरं. पण त्याबरोबर दादाचं नावही गेलं असतं, आणि मशीनने मला विचारलं असतं की तू कोण. तेवढं मी त्या दिवशी स्वतःच्या हाताने थांबवलं.

सर्व्हर तळघरात होता. तिथे मोबाइलला रेंज येत नाही, हे लक्षात ठेवा, मला पुढे ते सांगावं लागलं आणि त्याचा उपयोग झाला नाही. मी मशीनच्या मागे पाठ भिंतीला टेकवून बसलो, केबल लावली, वेग जुळवला. काळा पडदा. एंटर दाबलं.

नाव आणि पासवर्ड विचारायला हवा होता. विचारलाच नाही. सरळ आत. ओळीच्या सुरुवातीला दादाचं नाव, पुढे मशीनचं नाव, पुढे लुकलुकणारी रेघ.

मला लगेच उमगलं. महिन्यापूर्वी ते मशीन बसवायला आम्ही दोघं आलो होतो. तो टाइप करत होता आणि मी चार्जर धरून उभा होतो. काम संपल्यावर "चल, भूक लागली" म्हणत त्याने केबल ओढली. एक्झिट केलं नव्हतं. तेव्हापासून तो तिथे बसलेलाच होता.

मी 'एक्झिट' लिहून बाहेर पडायला हवं होतं आणि माझ्या नावाने आत यायला हवं होतं. माझं नाव त्या मशीनवर होतं, हक्क होते, सगळं होतं. मिनिटभराचं काम. मी ते लिहायला बोटं ठेवली आणि उचलली. म्हटलं, वर लोक खोळंबलेत, आणि नाव काय, दादाचंच आहे. घरच्याच माणसाची चप्पल पायात घालून दाराशी जाऊन यावं, तेवढंच मला वाटलं. अनोळखी कुणाचं नाव असतं तर मी एक अक्षर टाइप केलं नसतं. एखाद्या पंजाबी सहकाऱ्याचं असतं तरी नाही. मराठी नाव होतं म्हणून मी बिनधास्त झालो.

दादाने लिहिलेली ओळ शोधली, खाली नेली. नियम तपासले. मग दिसलं की त्याने जपून ठेवायच्या प्रतीतही तीच चूक साठवली होती, म्हणजे पुढे कधीही मशीन सुरू झालं की पुन्हा दार बंद. तीही दुरुस्त केली. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, सांगणारं तिथे कुणी नव्हतं. वर आलो तर प्रिंटर सुरू झाला होता आणि सरदारजी बिलं फाडत होते. म्हणाले, "जीते रहो. लस्सी पियोगे?" प्यालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादाची मेल सगळ्यांना आलेली होती. इंग्रजीत, अगदी नीटनेटकी. नियमांमध्ये अनपेक्षित गोंधळ झाला, अडचण मी शोधली, कन्सोलवरून दूर केली, जागेवर रिमोट हँड्स उपलब्ध होते.

रिमोट हँड्स हा आमच्या धंद्यातला शब्द आहे. लांबचा हुशार माणूस फोनवर सांगतो आणि जागेवरचा कुणीतरी सांगेल ती तार इकडची तिकडे करतो. त्याला डोकं असण्याची गरज नसते. शब्दात शिवी नाही, रोज वापरतात. मीही वापरला असेन. पण त्या मेलमध्ये वाचला आणि माझ्या कानशिलात कुणी दिल्यासारखं झालं. हात. माझ्या बापाने आयुष्यभर हात विकले, ते मला हात विकावे लागू नयेत म्हणून. माझ्या शिक्षणाचा तेवढा एकच अर्थ आमच्या घरात होता.

मी दादाकडे गेलो नाही. सरळ मॅडमकडे गेलो. त्यांनी दादालाही बोलावलं. मी काय झालं ते सांगितलं, जिन्यापासून. मॅडमनी लॉग, म्हणजे मशीनवर कुणी काय टाइप केलं त्याची नोंद, उघडला. दुपारच्या सगळ्या ओळींवर दादाचं नाव.

"बेटा जी, इसमें तो आपका नाम ही नहीं है."

मी म्हणालो, ओळींच्या पुढे बघा, हे सिरियल पोर्टवरून केलेलं आहे. सर तर इथे बसले होते. मग तिथे बसून टाइप कुणी केलं?

दादा शांत होता. हसत हिंदीत म्हणाला, "मैडम, टाइप तो इसी ने किया, मैं कहां मना कर रहा हूं. मैं फोन पर बोलता गया, ये लिखता गया. बहुत अच्छा लड़का है. हैंड्स का काम फर्स्ट क्लास करता है."

"तळघरात रेंज येत नाही," मी मराठीतच बोलून गेलो. मग हिंदीत पुन्हा म्हणालो.

"वाईफाई पर था," दादा म्हणाला.

"नेटवर्क तो आपने ही बंद किया था, सर."

मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना कळलं होतं. मी शपथेवर सांगेन, त्या बाईला त्या क्षणी सगळं कळलं होतं. बिघाड कुणी केला आणि निस्तरला कुणी, दोन्ही. पण तिने लॅपटॉप मिटला आणि म्हणाली, "देखो, आप दोनों महाराष्ट्र के हो. इतनी दूर आकर आपस में लड़ोगे? घर की बात है, घर में बैठकर सुलझा लो. मेरे को तो कागज पर जो है वही ऊपर भेजना है जी."

घर की बात. मी तिथे कुणाच्या घरचा नव्हतो. एका कंपनीत दोन माणसं कामाला होती आणि एकाने दुसऱ्याचं काम खाल्लं होतं. तो पतियाळ्याचा असता आणि मी लुधियान्याचा, तर बाईंनी गोदामात फोन लावून विचारलं असतं. मराठी आम्हा दोघांना येत होती म्हणून आमचा न्याय करायची गरज उरली नाही.

जागा कायम झाली, ती दुसऱ्या टीममधल्या एकाला मिळाली. दादाला वरची खुर्ची मिळाली. माझं कंत्राट वाढवून दिलं, पुन्हा करडी फीत.

वडलांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "दुसऱ्याच्या नावावर कामून केलं?" मी म्हणालो, तो आपला माणूस होता. ते म्हणाले, "असं." पुढे त्यांनी पावसापाण्याचं विचारलं. ओळखपत्राचं पुन्हा कधी काढलं नाही, आणि ते न काढणं मला जास्त लागलं.

दादा त्यानंतर एकदा पार्किंगमध्ये थांबला. खांद्यावर हात ठेवला. "अरे, इतकं मनाला लावून घ्यायचं नसतं. माझं प्रमोशन अडकलं असतं, समजून घे ना. मी वर गेलो तर तुलाच ओढून घेईन. आपल्या माणसाला आपण नाही बघणार तर कोण बघणार?"

"सर, हिंदी में बोलिए," मी म्हणालो.

त्याला आधी वाटलं मी गंमत करतोय. "काय रे?"

"ऑफिस है, सर. हिंदी में बोलिए."

त्याने हात काढला. "डोकं फिरलंय तुझं," असं काहीतरी म्हणाला, ते मराठीत होतं, मी उत्तर दिलं नाही. तेव्हापासून तो ऑफिसातसुद्धा मराठीत विचारतो, मी हिंदीत सांगतो. कामाचं सगळं सांगतो, जास्त एक शब्द नाही. आणि 'जी' लावून सांगतो. इथली माणसं 'जी' मायेने लावतात. मी तसा लावत नाही, आणि हे त्याला कळतं, कारण ते कळायला माणूस मराठीच असावा लागतो.

वाईट वहिनींचं वाटतं. त्यांचा फोन आला होता. "भाऊजी, किती रविवार झाले, फिरकला नाहीत. आमटी करून मी एकटीच खाते. ह्यांना विचारलं तर म्हणतात कामात आहे."

त्याने घरी सांगितलं नव्हतं, उघड होतं. मला सांगता आलं असतं. दोन वाक्यांचं काम होतं. पण त्यांच्याशी हिंदीत बोलणं मला जमेना, आणि मराठीत तोंड उघडलं की सगळं बाहेर पडलं असतं.

"येतो, वहिनी," मी म्हणालो.

"या रविवारी?"

"बघतो."

"बघतो म्हणजे नाही, हे मला कळतं हं भाऊजी."

मग त्या म्हणाल्या, मसाला पाठवते, तुमच्या खोलीवर काहीतरी करून खात जा. मी नको म्हणालो. दोनदा नको म्हणालो, दुसऱ्यांदा जरा जोरात. फोन ठेवल्यावर लक्षात आलं की सबंध चंदीगडात मी ज्याच्याशी मराठीत बोलत होतो असं ते एकच माणूस उरलं होतं, आणि त्यालाही मी तोडून बोललो. तो रविवार मी खोलीवर झोपून काढला. गेलो नाही. अजूनही जात नाही.